दूध-तुपाविना पूर्ण जेवण : नवशिक्यांसाठी

आपल्या समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून सोलापूर, पुणे, मुंबई गाठतात. केम स्टेशनवर गाडीत बसताना पिशवीत आईने दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी असते. ती दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवसापासून मेस नाही तर वडापाव, आणि महिनाअखेर आली की उपास. खोली करून राहणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला स्वयंपाक येतो, त्याची प्रकृती आणि पैसा दोन्ही टिकतात. म्हणून स्वयंपाक हे केवळ बायकांचे काम न मानता शिक्षणाचाच एक भाग मानावा, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

अलीकडे ‘व्हीगन’ हा शब्द वारंवार कानी पडतो. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रूढ केला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मध हेही न घेता केवळ वनस्पतिजन्य अन्न खाणे, असा त्याचा अर्थ. शब्द परका असला तरी ताट मात्र आपल्या ओळखीचे आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, घोळीची किंवा तांदुळजाची भाजी आणि फोडलेला कांदा, या ताटात दुधाचा थेंब नाही. करमाळा तालुक्यातील कित्येक घरांत हेच रोजचे जेवण होते. कारण दूध असलेच तर ते विकायला जाई आणि तूप सणावारी दिसे. गरजेपोटी जे घडले, त्याचीच आज शहरांत नव्याने शिकवणी चालते!

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. अमुक खाणारा श्रेष्ठ आणि तमुक खाणारा हलका, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. ताटावरून माणसाची किंमत ठरविण्याच्या प्रथेने आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ती विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. ज्याला जे रुचते, पचते व परवडते ते त्याने खावे. येथे फक्त स्वस्त, पोटभर आणि पूर्ण असे वनस्पतिजन्य जेवण कसे करावे, एवढेच सांगायचे आहे.

‘पूर्ण’ कशाला म्हणावे? बँकेतल्या माणसाला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तो मांडू. २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. आता जमेची बाजू पाहा. दोन भाकरींचे १३० ग्रॅम पीठ सुमारे १३ ग्रॅम प्रथिने देते, ३७ ग्रॅम कोरडी मटकी ७ ग्रॅम, तर चटणीतले २० ग्रॅम शेंगदाणे जवळजवळ ५ ग्रॅम. बेरीज २५. म्हणजे दिवसाची निम्मी गरज एका जेवणात भागली.

नुसती भाकरी मात्र चालणार नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो कडधान्यांत व डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत जे कमी असते, ते ज्वारीत मिळते. दोघे मिळून एकमेकांची तूट भरून काढतात. भाकरी-आमटीची जोडी आजीने पुस्तक न वाचता जुळविली होती, ती अशी शास्त्रशुद्ध आहे.

आता प्रत्यक्ष कृती, चार माणसांच्या बेताने.

चटणी रविवारीच करून ठेवावी. एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साले पाखडावीत. आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरे, लाल तिखट व मीठ घालून उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावे. डब्यात आठवडाभर सहज राहते.

एक वाटी (सुमारे १५० ग्रॅम) मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावी, रात्री निथळून फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड येतात. भिजविल्याने व मोड आणल्याने कडधान्य लवकर शिजते आणि त्यातील लोह अंगी लागणे सोपे होते. दोन चमचे तेलात मोहरी, कांदा, आले-लसूण परतावे. हळद, काळे तिखट, भाजून वाटलेले सुके खोबरे घालावे. मग मटकी व तीन वाट्या गरम पाणी घालून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत शिजते. मीठ घालावे आणि वाढताना लिंबू पिळावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास नेमके उलट होते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

उसळ शिजेपर्यंत पालेभाजी निवडून, धुऊन, लसणीच्या फोडणीत परतावी.

भाकरी शेवटी करावी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्याने ते बांधावे लागते. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. पीठ तळहाताने चांगले मळून गोळा करावा, परातीत कोरडे पीठ पसरून थापावा. तापल्या तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकू लागले की उलटावी आणि मग विस्तवावर फुगवावी. पहिले आठ दिवस भाकरी नकाशासारखी होईल, खचून जाऊ नये. तोवर ज्वारीच्या कण्या शिजवून किंवा भात लावून उसळीबरोबर खावे. सुरुवातीस दीड तास लागेल, महिन्याभराने तासात सारे आटोपते.

एक बेत हातात बसला की दुसरा घ्यावा. पाण्यातले पिठले, हुलग्याचे शेंगोळे, तुरीची आमटी, डाळकांदा, चवळीची उसळ, दाण्याचे कूट घातलेली खिचडी असा आठवडा सहज भरतो. कोशिंबिरीत दह्याऐवजी कूट व लिंबू घालावे, वरणावर तुपाऐवजी लसणीची फोडणी, कढीऐवजी चिंचेचे सार. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, तीळ, नाचणी आणि पालेभाज्या नेमाने असाव्यात.

तथापि या जमाखर्चात एक खाते रिकामे राहते. ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि दुर्लक्ष केल्यास मज्जातंतूंना कायमची इजा पोहोचू शकते. दूध, अंडी, मांस सारेच सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांच्या आहारातून सल्ल्याशिवाय दूध बंद करू नये. अर्धवट ज्ञानाने केलेला नेम शरीराला महाग पडतो.

शेवटी एक विचार. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि तालुक्याच्या काही भागांत ऊस व केळी आली. रेशनच्या गहू-तांदळानेही ताट बदलले. त्याबद्दल तक्रार नाही. पाणी आले म्हणूनच अनेकांची चूल नीट पेटली. पण भाकरी थापणारे हात घराघरांतून कमी होत आहेत, हेही खरे. ते ज्ञान आईबरोबर संपू द्यायचे नसेल तर पुढच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने, विशेषतः मुलग्यांनी, चुलीपाशी बसून ते मागून घ्यावे. आईलाही एखाद्या संध्याकाळी आयते, गरम ताट मिळेल. तिचा तो हक्कच आहे.