कोपरच्या फलाटावर उशिरा पोचणारी वार्ता

दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले कोपर हे दुमजली स्थानक असून खाली मध्य रेल्वेच्या धीम्या लोकल थांबतात, तर वरून वसई-दिवा मार्गाच्या मोजक्या गाड्या जातात. येथे गाडी बदलणाऱ्या प्रवाशाची समाजमाध्यमांकडून माफक अपेक्षा असते, ती म्हणजे लोकल रखडल्याची वार्ता ती रखडलेली असतानाच कळावी. परंतु मोबाइलवर नेमके हेच आता दुर्घट झाले आहे.

पूर्वी फॉलो केलेल्या खात्यांच्या नोंदी, ताजी सर्वांत वर, अशा कालक्रमाने दिसत. २०१६ मध्ये ट्विटर व इन्स्टाग्राम यांनी हा क्रम मागे सारून, वाचक कशावर अधिक रेंगाळेल याचा अंदाज बांधून नोंदी मांडणारी संगणकीय पद्धत, म्हणजेच अल्गोरिदम, स्वीकारली. परिणामी सकाळच्या खोळंब्याची सूचना, तिच्याखाली पुरेसा संताप साचल्यावर, दुपारी अग्रस्थानी येऊ शकते. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स आणल्या, तेव्हापासून ओळखीच्यांच्या नोंदींमध्ये अनोळखी चित्रफितींची गर्दी वाढत गेली.

या गर्दीत जाहिरातींचीही भर पडते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्या रोखणारी पूरक साधने बसवता येतात. मोबाइलच्या ॲपमध्ये ती सोय सहसा नसते, शिवाय लहान पडद्यावर एकच जाहिरात सारी जागा व्यापते. कालक्रम जपणारी, इतरांनी बनवलेली ॲपही ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये बंद पाडली. लेखक कोरी डॉक्टरो यांच्या मते अशी माध्यमे आधी वापरकर्त्यांना सांभाळतात, मग त्यांच्या जिवावर जाहिरातदारांना आणि शेवटी दोघांना पिळून केवळ स्वतःला. ही घसरण तांत्रिक अपयश नसून व्यवसायाची निवड आहे, हे त्यातून पटते.

युरोपीय संघाच्या कायद्याने मोठ्या माध्यमांना व्यक्तिगत माहितीवर न बेतलेल्या मांडणीचा पर्याय देणे बंधनकारक केले आहे. भारतात नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्या नोंदवल्या आहेत, पण नोंदींच्या क्रमाचा प्रश्न त्यांत नाही. दरम्यान प्रवासी लोकलचे वेळापत्रक दाखवणाऱ्या एम-इंडिकेटर या ॲपमधील गप्पांकडे आणि व्हॉट्सॲपच्या गटांकडे वळले आहेत. तेथे कालक्रम अजून शाबूत आहे, जरी जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनेही आपल्या ‘अपडेट्स’ कप्प्यात जाहिराती आणण्याची घोषणा केली असली तरी.