कचऱ्यातील सोने

कर्नाटकातील कोलारच्या खाणींत जमिनीखाली सुमारे 3 किलोमीटर खोलीपर्यंत जाऊन सोने काढले जाई. पुढे टनभर खडकातून थोडेच ग्रॅम सोने निघू लागले. खर्च भरून येईना, आणि 2001 साली त्या खाणी बंद पडल्या. याहून समृद्ध खाण आज प्रत्येक शहरात आहे. ती म्हणजे टाकाऊ विद्युत् उपकरणांचा ढीग होय. बॅटऱ्या काढलेल्या टनभर जुन्या मोबाइल फोनांत 200 ग्रॅमहून अधिक सोने असू शकते. सोने गंजत नाही व वीज उत्तम वाहून नेते. म्हणून फोनमधील सर्किट बोर्डाच्या जोडांना त्याचा पातळ मुलामा देतात.

हे सोने परत कसे मिळवितात? प्रथम उपकरणे खोलून बॅटऱ्या व बोर्ड वेगळे करतात. बोर्ड तांब्याच्या भट्टीत सुमारे 1200 अंश सेल्सिअस तापमानाला वितळवितात. प्लॅस्टिक जळते, काच मळीरूपाने वर तरंगते आणि सोने-चांदी तांब्यात मिसळून राहतात. या तांब्याच्या पट्ट्या मोरचूद व गंधकाम्ल यांच्या द्रावणात धनाग्र म्हणून टांगून विद्युत्प्रवाह सोडला, की तांबे विरघळून ऋणाग्रावर शुद्ध रूपात बसते. सोने-चांदी न विरघळता तळाशी गाळ होऊन साचतात. तो गाळ शुद्ध करून प्रत्येक धातू वेगळा काढतात.

जपानने 2017 ते 2019 या काळात जुनी उपकरणे गोळा करून 32 किलोग्रॅम सोने मिळविले. टोकिओ ऑलिंपिकची सुमारे 5,000 पदके अशा धातूंतूनच घडविली गेली.

परंतु पद्धत चुकली, तर हीच खाण विष ओकते. दिल्लीतील सीलमपूर व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे उघड्यावर तारा जाळून व बोर्ड आम्लात बुडवून धातू काढले गेले. अशा धुरातील शिसे व डायॉक्सिन श्रमिकांच्या शरीरात जातात. उरलेले आम्ल माती व पाणी नासविते. शिशाने बालकांच्या मेंदूची वाढ खुंटते. धूर गाळण्याची सोय असलेल्या भट्टीत हा धोका पुष्कळच टळतो.

1 एप्रिल 2023 पासून भारतात लागू झालेल्या नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि या खाणीचे तोंड प्रत्येक घरात आहे. जुना फोन कचरापेटीत न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे दिला, तरच त्यातील सोने हाती येईल, आणि तेही कोणाचे आरोग्य न हिरावता.