सावली लावायचे दिवस

“पाणी सोडलंऽऽ” अशी हाक पंपाकडून येते आणि आत्या खोरं उचलते. सकाळचे साडेसहा. चैत्रात दिवेआगरच्या वाडीत शिपणं असं लवकरच सुरू होतं, कारण नऊनंतर विजेचा भरवसा नाही. विहिरीकाठच्या दगडी दोणीत पाणी धबाधबा पडतंय, चिऱ्याच्या पाटातून वळतंय आणि पोफळींच्या पहिल्या रांगेशी येऊन अडतंय. तिथे वाळकी पानं साचली आहेत. मी वाकून ती हाताने उपसते, तसं पाणी माझ्या घोट्यांवरून पुढे जातं. चांगलंच गार आहे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, गाज स्पष्ट ऐकू येते, आणि तरी हे पाणी गोडं. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

आत्याला वाटत नाही. पंप सलग फार वेळ चालवला तर विहीर मचूळ होते, हे तिला ठाऊक आहे. म्हणून शिपणं पाळीपाळीने: आज उत्तरेकडचा तुकडा, उद्या घरामागचा, परवा गडग्यालगतचा. या दिवसांत प्रत्येक पोफळीला तीन-चार दिवसांनी पाणी मिळायलाच हवं. जमीन रेताड. आळं भरलं म्हणून पाठ वळवावी तर मागे फक्त ओली वाळू उरते. पाण्याने मुळाशी जरा थांबावं म्हणून आळ्यांमध्ये नारळाची सोडणं पुरली आहेत, वर झावळांचे तुकडे पसरले आहेत. उन्हाळ्यात येणारे पर्यटक गडग्यावरून डोकावून म्हणतात, वाडी जरा झाडत का नाही? आत्या हसते आणि त्यांना शहाळं हवंय का विचारते.

वसंत म्हणजे फुलांचे ताटवे, असं मनात धरून येणाऱ्याची इथे निराशा होते. नारळाला वसंताचं काही पडलेलंच नाही. त्याला वर्षाला डझनभर झावळं येतात, प्रत्येक झावळाच्या बगलेत एक पोय, त्यामुळे एकाच शेंड्यात कोवळ्या बोंडांपासून पिकल्या नारळांपर्यंत वर्षभराचे महिने एकाखाली एक लोंबत असतात. पोफळ मात्र हंगाम पाळते. तिच्या पोया थंडीत सुटायला लागतात आणि चैत्रापर्यंत सुटत राहतात. समोरच्याच पोफळीची पोय उमललीये. तळाशी मादी फुलं, मोजकी, जाडसर, हिरवट. वरच्या काड्यांवर नर फुलं, तांदळाच्या कण्यांएवढी, असंख्य. गोड वास आहे. पाणी लागल्यावर मातीचा वास त्यात मिसळतो, आणि त्या मिश्रणासाठी मी मुंबईहून रात्रीची एस्टी पकडते हे इथे कबूल केलेलं बरं. बाकी सगळी कारणं आत्याला सांगायची.

ही पोय तशी साधी नव्हे. हे झाड पहिल्यांदाच फुललंय. त्याच्या पलीकडचंही. ही सगळी रांग 3 जून 2020 नंतरची आहे. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत पिढ्यांनी राखलेली झाडं काही तासांत गेली. पोफळ एरवी वाऱ्यात झुकते आणि पुन्हा सरळ होते. त्या दिवशी ती मधोमध मोडली. नारळ मुळासकट आडवे झाले. आत्या ते फारसं सांगत बसत नाही. ती सांगते त्यानंतरचं: पाऊस सरला आणि वाडीत ऊन आलं. आयुष्यात तिने त्या जमिनीवर न पाहिलेलं ऊन. वाऱ्यातून वाचलेली जायफळं, मिरवेली त्या उन्हात होरपळली.

तेव्हा नवी वाडी करताना आधी सावली लावावी लागली. पहिल्यांदा केळी, आणि केळींच्या आडोशाला पोफळीची रोपं. दुपारनंतरचं तिरपं ऊन कोवळ्या खोडाला एकाच अंगाने भाजतं, मग साल तडकते आणि पुढे कधीतरी वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. म्हणून केळ पश्चिमेच्या बाजूला हवी. आज ज्या खोडांजवळची केळ पडलीये त्यांना आम्ही झावळं बांधतोय. मी झावळ खोडाशी धरून उभी, आणि वाडीत कामाला येणारे काका केळीच्या ओल्या सोपटाने ते आवळतात. सुतळी का नको? सुतळी खोडाला काचते, सोपट पावसाळ्यात आपोआप कुजून गळून पडतं.

“सैल नको धरू गं, त्याला काय गुदगुल्या होणारेत?”

एवढी मोठी वाडी, पण ती सबंध दिसेल अशी जागा तिच्यात कुठेच नाही. माडीवरून बघावं तर नुसते शेंडे. पाटाबरोबर वाकून चालत गेलं की एकेक आळ्याने ती कळत जाते. इथे मुंगळ्यांनी बांध पोखरलाय, इथे कुणाच्या तरी गाईने केळीचा पोगा खाल्लाय, या नारळाची कोवळी पाती कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी तुटलीत, म्हणजे गेंडा भुंगा आलाय. काका तारेचा आकडा घेऊन वर चढतात, शेंड्यात खुपसतात आणि काळा, शिंगवाला, अंगठ्याएवढा भुंगा काढून खाली फेकतात. कोंबडी त्याच्याकडे बघते आणि चार पावलं मागे सरकते.

आठच्या सुमारास गडग्याकडे नव्या माडासाठी खड्डा खणायला घेतात. दोन-चार घावांनंतर कुदळ खणकन वाजते. सगळे थांबतात, मग हसू फुटतं. 1997 मध्ये याच गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली होती आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला होता. तेव्हापासून दिवेआगरात कुदळीचा आवाज कुणी गमतीत सोडत नाही, आणि गमतीशिवायही सोडत नाही. काका वाकून बघतात. जांभा दगड आहे. त्यालाही कामाला लावतात, पाटाच्या वळणावर बांध फुटतो तिथे.

पन्हं येतं. गूळ सढळ, वेलची बेताची. कोकमाच्या झाडावर रतांबे लालसर होऊ लागलेत, आणि कुठूनतरी तांबट एका सुरात ठोकत बसलाय, दिसत मात्र नाही.

मग काका जायफळाशी जाऊन उभे राहतात आणि आत्याला बोलावतात. वाडीत दोन जायफळं उरलीत. एक घराच्या भिंतीआड राहिल्याने वाचलेलं जुनं झाड. दुसरं आपोआप आलेलं, बहुधा धनेशाने टाकलेल्या बियेतून. वादळात ते कमरेएवढंही नव्हतं. जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियेवरचं झाड कोण हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून हल्ली लोक कलमंच लावतात. याला यंदा फूल आलंय. काका एक फांदी खाली ओढून दाखवतात. फिक्कट पिवळी, बारीक फुलं, घोसाने आलेली.

“नर निघाला,” काका म्हणतात. “इतकी वर्षं पाणी पाजलं फुकट. तोडूया आणि इथे कलम लावूया.”

“खुळे की काय तुम्ही?” आत्या खोरं टेकवते. “शेजारच्या वाडीतला नर वादळात गेला, तेव्हापासून माझं जुनं झाड नुसतं फुलतंय आणि फुलं गाळतंय. पाच-सहा फळं धरली गेल्या वर्षी. दहा माद्यांना एक नर लागतो म्हणतात, माझ्या एकीला एक मिळाला तर तुमच्या पोटात का दुखतं?”

काका फांदी सोडतात. त्यांचा मुद्दा संपलेला नाही: नर तो नर, त्याला ना जायफळ ना जायपत्री, आणि जागा तर मोक्याची अडवलीये. आत्याने ऐकणं सोडलंय. ती पाटाचा बांध पायाने फोडते. हा तुकडा आजच्या पाळीतला नव्हे.

“पंप बंद करूऽऽ?” तिकडून हाक येते.

“पाच मिनिटं,” आत्या ओरडते. “पाचच. मचूळ व्हायच्या आत.”