म्हातारपणाचा गल्ला वेगळा ठेवा

जव्हारच्या पेठेत किंवा मोखाड्याच्या बाजारात एखाद्या दुकानदाराला "निवृत्त कधी होणार?" असे विचारले तर तो हसतो. निवृत्तीचे वय मास्तरांना असते, कचेरीतल्या भाऊसाहेबांना असते. आपण मात्र अल्लाहने हातपाय चालते ठेवले तोवर गादीवर बसतो. कारागिराचे तर त्याहून कठीण. दर्जीभाईचे निवृत्तीचे वय त्याचे डोळे ठरवतात. सुईत दोरा जाईनासा झाला की कमाई अर्ध्यावर आलीच.

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग कापडवाले होते. चाळीस वर्षे त्यांनी लुगडी, टॉवेल आणि शर्टपीस विकले. अंथरुणाला खिळले तेव्हा मुलांनी हिशेब काढला. कपाटे मालाने भरलेली, उधारीची वही भरलेली आणि गल्ल्यात महिन्याच्या औषधापुरतीही रोकड नाही. माल काढायला गेले तर निम्मा जुन्या चालीचा, विकत घेतल्या भावालाही कोणी विचारीना. वहीत नावांऐवजी 'विहिरीजवळचा म्हातारा', 'खोडाळ्याच्या वाटेवरचा जावई' अशा खुणा होत्या. त्या फक्त त्यांनाच कळत. वसुलीला कोणाच्या दारी जायचे, हे मुलांना ठाऊक नव्हते.

उधारी बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. ते आपल्या भागात शक्यच नाही. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. होळी, बोहाडा आणि लग्नसराईत पैसा फिरतो, बाकी पावसाळा वहीवरच निघतो. पण ही उधारी धंद्याचे भांडवल आहे, ती म्हातारपणाची शिदोरी नाही. आपल्या लोकांची गफलत इथेच होते. दुकान वाढले म्हणजे आपली सोय झाली, असे आपण समजतो.

मग हिशेब मांडायचा केव्हा? तो आपण मांडतोच. बहुतेक जण रमजानमध्ये जकातीसाठी माल, रोकड, सोने आणि येणे मोजून अडीच टक्के काढतात. त्याच दिवशी वहीचे एक पान वेगळे करावे आणि त्यावर दुकानाबाहेर ठेवलेलीच रक्कम लिहावी. आम्ही हे पान पहिल्यांदा उघडले तेव्हा ते जवळजवळ कोरे होते, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

आता हा पैसा ठेवायचा कुठे? भिशीचा पैसा येतो आणि लग्नाच्या मांडवात जातो. सोने चांगले, पण दागिना मोडताना घडणावळ बुडते. जमिनीचा मोह आपल्या लोकांना फार. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर तोंडी व्यवहार करून ठेवलेला पैसा बुडालाच म्हणून समजा. शिवाय एका गरिबाचे रान जाते, ते निराळेच. गावठाणातला रीतसर गाळा मिळाला तर भाड्याची आवक हलालही आणि दरमहाचीही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने छोट्या दुकानदारांसाठी आणि असंघटित कामगारांसाठी निवृत्तिवेतनाच्या योजना काढल्या. प्रवेश १८ ते ४० वयापर्यंत. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार घालणार आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये. आमच्या वयाला हे दार बंद आहे, मुलांना आणि दुकानातल्या कामगाराला मात्र खुले आहे. तीस वर्षांनी ३,००० रुपयांत काय येईल, हा प्रश्न उरतोच. या योजना, पोस्टाचे पीपीएफ आणि व्याज यांबद्दल आपापल्या उलमांना विचारावे. त्यात आम्ही फतवा देणार नाही. व्याज टाळू पाहणाऱ्यांसाठी टाटा आणि टॉरस यांचे एथिकल फंड आहेत. ते दारू, जुगार आणि व्याजी धंद्यांचे शेअर घेत नाहीत. मात्र हा बाजार आहे. मार्च २०२० मध्ये तो कसा कोसळला, ते साऱ्यांनी पाहिले. पाच-सात वर्षे हात न लावता येणारा पैसाच तिथे घालावा.

मलेशियात गावकरी हजसाठी गुरे-जमीन विकत आणि परतल्यावर कंगाल होत. म्हणून तिथे १९६३ मध्ये व्याजाशिवाय थोडी थोडी बचत करण्याची संस्था उभी राहिली. आज ती 'ताबुंग हाजी' म्हणून ओळखली जाते. आपल्याकडेही हजला जाताना दुकान मुलाला सोपवून, परतल्यावर त्याच मुलापुढे खर्चाला हात पसरणारे हाजीसाहेब आम्ही पाहिले आहेत.

तेव्हा मुलाला दुकान देताना भागीदारीचा कागद करावा आणि आपला हिस्सा त्यात लिहून घ्यावा. घरवालीचाही विचार व्हावा. मुले असतील तर शौहरच्या मिळकतीत तिला वारसाने आठवा हिस्साच येतो. राहती खोली तिला द्यायची असेल तर हयातीतच हिबा करून ताबाही द्यावा. आणि उधारीच्या वहीत खुणेशेजारी पूर्ण नाव आणि पाडा लिहावा. ते काम या पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, आम्ही सुरू केले आहे. अर्धी वही झाली, आणि चार माणसे आम्हालाही आठवत नाहीत.