अडगळीतून लेकरांचा गाडा

गावात कोणाच्याही घरी जा. ओसरीच्या कोपऱ्यात नाहीतर गोठ्याच्या मागं अडगळ पडलेली दिसेल. लेकराची मोडकी तीनचाकी सायकल, तुटक्या बाजेचे खूर, जुन्या दाराच्या फळ्या, फळांचं लाकडी खोकं, गंजलेला गज. आपण म्हणतो, "राहू द्या, कधीतरी कामाला येईल." ते कधीतरी काही येत नाही. शेवटी भंगारवाला येतो आणि सगळं वजनावर घेऊन जातो.

त्याच घरात एखादं लेकरू जुन्या चपलेला दोरी बांधून अंगणभर ओढत असतं. ती त्याची गाडी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी जत्रा भरते. तिथं हेच लेकरू खेळण्यांच्या दुकानापुढून हलत नाही. दर वेळी खेळणं विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. पण त्या अडगळीतून चार चाकांचा एक चांगला गाडा घरीच होतो. तो कसा करायचा ते आपण पाहू.

चाकाची करामत

लेकरांनी गाडा ओढणं ही आजची गोष्ट नाही. हडप्पा आणि मोहेंजोदडो या जुन्या शहरांच्या खोदकामात मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या सापडल्या. त्या चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. आपल्या महाराष्ट्रातही अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथं १९७४ साली झाडाची मुळं खणताना काशाचा एक रथ सापडला. त्याची लांबी ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट आहे. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत आणि हाकणारा माणूस उभा आहे. विदर्भात आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकं लावलेले लाकडी बैल ओढत आणतात.

चाकात अशी काय करामत आहे? धान्याचं पोतं जमिनीवरून ओढून बघा. सगळं पोतं जमिनीला घासतं. बहुतेक जोर त्या घासण्यातच जातो. तेच पोतं गाडीवर ठेवा. चाक जमिनीवर घासत नाही, ते फिरत पुढं जातं. घासतं ते फक्त आतल्या भोकात, आखाभोवती. तिथं वंगण घातलं की तेही घासणं कमी होतं.

लातूरच्या माणसांनी चाकाचा हा उपकार २०१६ साली पाहिला. दुष्काळात शहराचं पाणी संपलं. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० डबे होते. एका डब्यात ५० हजार लिटर पाणी. १५ लिटरची घागर धरली तर एका डब्यात ३,३०० घागरींहून जास्त पाणी झालं. एवढं पाणी माणसं डोक्यावरून इतक्या लांब आणू शकली असती का? ते चाकांनी आणलं.

आधी चाकं शोधा

गाड्याचं काम चाकापासून सुरू करावं. चाकं मिळाली की बाकीची मापं आपोआप ठरतात. चारही चाकं सारखी हवीत. निदान पुढची दोन सारखी आणि मागची दोन सारखी असावीत.

जुन्या तीनचाकी सायकलची चाकं चांगली. मोडक्या ढकलगाडीची चाकंही चालतात. पोरं मोटार गॅरेजातून जुनी बेरिंगं आणून त्यांचाच गाडा करतात. सिमेंटच्या रस्त्यावर तो मस्त पळतो. पण आपल्या काळ्या मातीत बेरिंगचं लहान चाक रुततं, आणि एवढासा खडा आला तरी अडतं. मोठं चाक त्याच खड्यावरून सहज जातं. म्हणून मातीच्या वाटेसाठी चाक निदान ६ इंचांचं असावं.

चाकं मिळालीच नाहीत तर लाकडाची करता येतात. एका फळीचं गोल चाक कापू नका. लाकूड रेषेत चिरतं आणि चाकाचे दोन तुकडे होतात. दोन पातळ फळ्या घ्या. एकीची रेषा उभी आणि दुसरीची आडवी ठेवा. अशा एकमेकींवर ठोका आणि मग गोल कापा. ते चाक सहसा चिरत नाही. वरून सायकलच्या जुन्या टायरची पट्टी आखूड खिळ्यांनी मारा. आवाज कमी होतो आणि चाक झिजत नाही.

बेरिंग मिळालं तर ते लाकडी चाकाच्या मधे घट्ट बसवा. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो. तो वाचा. ६२०२ असेल तर आतलं भोक १५ मिलिमीटरचं असतं. ६२०३ असेल तर १७ आणि ६२०४ असेल तर २० मिलिमीटरचं. आकडा वाचला की कोणता गज लागेल ते घरबसल्या कळतं.

आख बसवणं

चाक ज्या गजावर फिरतं तो आख. गज किती जाड घ्यायचा ते चाकाचं भोक ठरवतं. गज गुळगुळीत हवा. घराच्या स्लॅबचा गज घेऊ नका. त्याच्या अंगावर कंगोरे असतात. ते चाकाचं भोक कुरतडतात. मग चाक हेलकावे खातं.

आता ६ इंचांची चाकं धरून मापं पाहू. गाड्याची फळी अडीच फूट लांब आणि १५ इंच रुंद करावी. जुन्या दाराच्या तीन फळ्या शेजारी शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या की झालं. एक पट्टी पुढं, एक मागं.

प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी ओंडका येतो. बाभळीचा असेल तर उत्तम. ओंडका १५ इंच लांब, ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच असावा. उंची ४ इंच का? चाक ६ इंचांचं आहे. आखाच्या वर त्याचा निम्मा भाग, म्हणजे ३ इंच येतो. ओंडका त्याहून इंचभर उंच असला की वळताना चाक फळीला घासत नाही.

ओंडक्याच्या खालच्या बाजूला खाच पाडा. त्यात गज बसवून वर लोखंडी पट्ट्या स्क्रूनं आवळा. गज फिरता कामा नये. गज पक्का राहील आणि चाकं मोकळी फिरतील. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाकं गजाला पक्की जोडली तर एक चाक फरपटत जातं आणि ओढणाऱ्याचा जीव जातो.

गजाची लांबी २१ इंच ठेवा. दोन्ही बाजूंना तीन तीन इंच बाहेर राहील. आधी एक वायसर, मग चाक, मग दुसरं वायसर. गजाच्या टोकाला भोक पाडून आरपार खीळ घाला आणि तिचं टोक वाकवा. भोक वेल्डरच्या दुकानात पाडून मिळतं. नुसती तार गुंडाळू नका. तार तुटते, चाक निसटतं आणि लेकरू तोंडावर पडतं.

पुढचा आख वळता हवा

बैलगाडीला दोनच चाकं. वळताना एक चाक जागच्या जागी फिरतं आणि दुसरं त्याच्याभोवती जातं. चार चाकांच्या गाड्याला तसं जमत नाही. म्हणून मागचा ओंडका पट्टीला पक्का जोडायचा आणि पुढचा वळता ठेवायचा.

पुढच्या ओंडक्याला मधोमध एक उभं भोक पाडा. त्यातून चार सुती जाड बोल्ट घाला. बोल्टाचं डोकं फळीवर राहील. तो फळी, पट्टी आणि ओंडका यांतून आरपार खाली येईल. पट्टी आणि ओंडका यांच्यामधे एक मोठं वायसर ठेवा, म्हणजे ओंडका सहज वळतो. खाली दोन नट लावा. एक नट हादऱ्यानं सैल होतो. दुसरा त्याला धरून ठेवतो.

इथं एक चूक पुष्कळांची होते. गजाची खाचही मधोमधच पाडतात. मग बोल्ट आणि गज एकमेकांना आडवे येतात. म्हणून पुढच्या ओंडक्यात खाच मधल्या रेषेच्या जरा मागं घ्यावी.

ओंडका फार वळला तरी गाडा कलंडतो. म्हणून फळीच्या खाली दोन्ही बाजूंना लाकडाचा एकेक तुकडा अडसर म्हणून ठोका. ओंडका थोडा वळेल, पण पूर्ण आडवा होणार नाही.

दोरी नको, दांडी हवी

पुष्कळ जण गाड्याला दोरी बांधतात. सपाट जागी ती चालते. पण उतार आला की गाडा पुढं धावतो आणि ओढणाऱ्याच्या टाचांवर आदळतो. दोरीनं ओढता येतं, थांबवता येत नाही. दांडीनं दोन्ही होतं.

जुन्या सायकलचा पाइप किंवा जाड वेळू घ्या. लांबी अडीच ते तीन फूट. खालचं टोक पुढच्या ओंडक्याला बोल्टानं असं जोडा की दांडी वरखाली होईल. वरच्या टोकाला आडवी मूठ बसवा. दांडी आखूड असली तर लेकराला वाकून ओढावं लागतं आणि पाठ दुखते.

फळीवर चारी बाजूंनी वीतभर उंचीचा काठ ठोका. फळांचं खोकं बसवलं तरी चालेल. काठ असला की बसलेलं लेकरू मागं पडत नाही.

काय वापरू नये

अडगळीतली प्रत्येक वस्तू कामाची नसते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा गाड्याला कधीही लावू नका. त्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल म्हणजे अतिशय जहाल विष. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरवी खूण असली तरी तो डबा लेकरांच्या हाती देऊ नये. कितीही धुतला तरी विष थोडंफार राहतं. कोणता डबा कशाचा आहे हे आता तुम्हाला वाचता येतं. वाचूनच घ्या.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापला तर त्याची कड सुरीसारखी होते. ती आत दुमडून ठोका. फळीतले जुने खिळे आधी उपटून काढा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि जखमेतून अंगात शिरतात. धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लेकरांना ती वेळेवर द्या.

आधी धोंडे, मग लेकरू

गाडा झाला की लगेच लेकराला बसवू नका. आधी ४० किलोचे धोंडे किंवा धान्याचं पोतं ठेवा. गावच्या वाटेवर दोन चकरा मारा. काय कुरकुरतं, काय हलतं ते बघा. बोल्ट पुन्हा आवळा. आखाला ग्रीस लावा. मगच लेकराला बसवा. एका वेळी एक लेकरू बसावं. फार तर दोन लहान.

हा गाडा घरालाही उपयोगी पडतो. पाण्याचं ओझं मोठ्यांनी आणावं, हे खरं. पण उन्हाळ्यात पुष्कळ घरी लेकरांनाही हापशावर जावं लागतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. १० लिटरचा कॅन म्हणजे १० किलो. ते ओझं लेकराच्या कमरेवर आणि मानेवर येतं. असे दोन कॅन गाड्यावर ठेवून दोरीनं आवळले तर ते चाकं वाहतात. कॅन प्यायच्या पाण्याचाच असावा आणि त्याला झाकण असावं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. गाडा मुलाला खेळायला आणि घागर मुलीच्या कमरेला, असं करू नका. मुलीलाही खेळ हवा असतो. तिलाही गाड्यावर बसू द्या. तिलाही पाना हातात धरू द्या. लेकरांना शेजारी बसवूनच हा गाडा करा. कोणता नट कशाला आवळला हे ज्याला माहीत असतं, तो गाडा जपून चालवतो.

लेकराच्या हाती देण्याआधी

हे सहा प्रश्न स्वतःला विचारा.

१. चारही चाकं मोकळी फिरतात का?
२. चारही खिळी वाकवून पक्क्या केल्या का?
३. मधल्या बोल्टाला दोन नट आहेत का?
४. कुठं खिळ्याचं टोक किंवा पत्र्याची कड वर आली आहे का?
५. विहीर, तळं, डांबरी रस्ता आणि उतार यांपासून दूर जागा नेमून दिली का?
६. गाडा मोटारसायकलला, ट्रॅक्टरला किंवा बैलाला कधीच बांधायचा नाही, हे लेकरांना सांगितलं का?

पावसाळ्यात चाकांना चिकटलेली माती रोज काढा. दर महिन्याला ग्रीस लावा आणि नट आवळा. एवढं केलं तर हा गाडा थोरल्याकडून धाकट्याकडे जाईल. पोळ्याच्या दिवशी लेकरं त्यावर मातीचे बैल ठेवतील आणि गावभर मिरवतील.

आज संध्याकाळी कंदील किंवा बॅटरी घेऊन अडगळीचा कोपरा एकदा बघा. भंगारवाला यायच्या आधी.