सेकंडहँड गाडीची किंमत : कोणते पैसे सरकारचे, कोणते दुकानाचे?

जुनी गाडी बघायला गेलं की काचेवर चिकटवलेला आकडा आधी दिसतो. समजा, ४ लाख ५० हजार. गाडी पसंत पडते, एक चक्कर मारून होते आणि मग टेबलावर दुसरा कागद येतो : ‘आरटीओ खर्च’ १५ हजार, ‘फाइल चार्ज’ ८ हजार, ‘इन्शुरन्स ट्रान्सफर’ ५ हजार, ‘जीएसटी वेगळा’. आकडे दुकानागणिक बदलतात, ओळी मात्र साधारण याच. गाडीच्या किमतीवर तासभर घासाघीस करणारा माणूस या ओळींपाशी गप्प बसतो, कारण त्या सरकारी वाटतात. सरकारी म्हटलं की वाद घालायचा नसतो, असं आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण त्यातली सरकारी रक्कम फार थोडी असते आणि तिचे दर ठरलेले असतात. ते ठाऊक असतील तर कागदावरची बरीच रक्कम तिथल्या तिथे कमी करून घेता येते.

गैरसमज : नाव बदलायला आरटीओतच दहा-पंधरा हजार लागतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तक्त्याप्रमाणे खासगी कार दुसऱ्याच्या नावावर करण्याचं शुल्क ३०० रुपये आहे. आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २०० आणि वर टपालखर्च. गाडीवर तुम्ही कर्ज काढत असाल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, त्यावर विकणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या आणि कागद जोडायचे. बाकीची रक्कम एजंटच्या धावपळीची. त्यानं मेहनताना घ्यावा, त्यात काही गैर नाही. पण मेहनतान्याला ‘आरटीओ फी’ म्हणणं ही फसवणूक आहे. आरटीओची पावती ऑनलाइन निघते. ती मागा आणि वरच्या पैशांचं वेगळं बिल मागा.

नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी बसवणं सक्तीचं झालं, तेव्हा कारसाठी दर ठरला ७४५ रुपये अधिक जीएसटी. त्यासाठी कुणी दोन-अडीच हजार लावले असतील तर विचारा, कशाचे?

आरटीओचा खर्च खरोखर मोठा असतो तो दोन प्रकारच्या गाड्यांत आणि नेमक्या त्याच ‘स्वस्तात’ म्हणून पुढे केल्या जातात. पहिली, पंधरा वर्षं होत आलेली गाडी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, फेरनोंदणी करावी लागते आणि कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं. वर पर्यावरण कर. दुसरी, परराज्यातली गाडी. दिल्लीत जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे कमी भावात दिसू लागल्या. पण बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि इथला रस्ता कर आलाच. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी कागदावर वाचलेले पैसे त्यात जाऊ शकतात. त्यामुळे एमएच नंबर मिळेपर्यंतचा हिशेब मांडल्याशिवाय अशी गाडी स्वस्त म्हणू नये.

गैरसमज : जुन्या गाडीवर आता पूर्ण किमतीच्या १८ टक्के जीएसटी.

हा गैरसमज पसरला डिसेंबर २०२४ मध्ये, जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर. तिथे जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के असा एकच दर ठरला, हे खरं. पण हा कर व्यापाऱ्याच्या मार्जिनवर आहे. त्यानं गाडी ४ लाखांना घेतली आणि तुम्हाला साडेचार लाखांना विकली, तर कर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार रुपये. पूर्ण किमतीवर लावला तर तो ८१ हजार होईल. शेजारच्या काकांनी घरची गाडी तुम्हाला विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘जीएसटी वेगळा’ ही ओळ दिसली की तो कशावर लावला, हे बिलात लिहून मागायचं. दुकानाच्या सेवाशुल्कावर १८ टक्के लागू शकतात, पण ते फक्त त्या शुल्कावर.

गैरसमज : विमा चालू आहे, म्हणजे चिंता नाही.

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घेतली नाही, तर बंपरसुद्धा खिशातून बदलावा लागतो. शिवाय जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस हा त्या माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्याला ५० टक्के सवलत मिळत असेल तर ती तो घेऊन जातो आणि उरलेल्या मुदतीचा फरक तुम्हाला भरावा लागतो. हा खर्च खरा आहे, पण तो किती हे विमा कंपनीच सांगते. दुकानदारानं अंदाजे लिहिलेला आकडा धरू नका.

गैरसमज : ९ टक्के व्याज म्हणजे ९ टक्के.

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ५ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ‘फ्लॅट’ ९ टक्के. वर्षाला ४५ हजार, पाच वर्षांचे सव्वादोन लाख. एकूण परतफेड ७ लाख २५ हजार, हप्ता १२,०८३ रुपये. ऐकायला ठीक वाटतं. पण तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ५ लाखांवर चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच हप्ता १५.७ टक्क्यांच्या आसपासचा निघतो. बँक घटत्या शिलकीवर १३ टक्के म्हणते, दुकानदार फ्लॅट ९ म्हणतो आणि माणूस ९ वर सही करतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्ज घेणाऱ्याला मुख्य माहितीचा एक तक्ता द्यावाच लागतो. त्यात सगळे चार्जेस धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो आणि त्यात न दाखवलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सही करण्याआधी हा एक कागद मागितला तरी ‘फाइल चार्ज’ची बरीचशी भानगड उघडी पडते.

गैरसमज : नाव सावकाश बदलू, गाडी तर आपल्याच दारात आहे.

चार पैसे वाचवायला किंवा दुकानदार म्हणतो म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात आणि गाडी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरते. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे आणखी हातांतून गेली, नाव मात्र पहिल्या मालकाचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नुकसानभरपाई नोंदणीकृत मालकानंच द्यायची. गाडी विकणाऱ्यांनी हे घेणाऱ्यांपेक्षाही जास्त ध्यानात ठेवावं.

गाडी दुकानात द्यायची असेल तर एप्रिल २०२३ पासून एक सोय आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून फॉर्म २९-बी हे अधिकारपत्र मिळतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सीनं होते. तिथून पुढची जबाबदारी त्याची. दुकानात शिरल्यावर ‘सर्टिफाइड’ पाटीपेक्षा हे अधिकारपत्र आधी विचारा. ती पाटी दुकानानं स्वतः लावलेली असते, सरकारनं नव्हे.

टोकन देण्यापूर्वी गाडीचा नंबर परिवहनच्या साइटवर टाका : मालक कितवा, बोजा उतरला का, विमा कधीपर्यंत, चलन किती थकलंय. मग दुकानदाराकडून एकच आकडा लिहून घ्या, आरसी तुमच्या नावावर होईपर्यंतचा, आणि त्याखाली त्याची सही. टोकन परत मिळणार की नाही, हेही त्याच कागदावर. तो लिहून देत नसेल तर टोकन देऊ नका. दिलेल्या शब्दाबाहेर पैसे उकळले गेले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला एक रुपयाही फी लागत नाही.