क्षयरोग: जंतू एकच, धोका असमान

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि रोगाचे कारण निश्चित झाले. मात्र तो जंतू कोणापर्यंत पोहोचतो व पोहोचल्यावर कोणाला आजारी पाडतो, हे पुष्कळदा उत्पन्न, आहार आणि निवारा यांवर ठरते.

गैरसमज: क्षय जंतूमुळे होतो, म्हणून त्याचा गरिबीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: जंतू शरीरात शिरणे ही लागण होय, रोग नव्हे, लागण झालेल्यांपैकी साधारणतः 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षय जडतो आणि कुपोषणाने प्रतिकारशक्ती खालावली असल्यास ही शक्यता वाढते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या ‘रॅशन्स’ या चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या, तेव्हा असा शिधा न मिळालेल्या घरांच्या तुलनेत त्यांच्यात क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

गैरसमज: झोपडीच्या जागी पक्के घर आले की संसर्ग आटोक्यात येतो.

वस्तुस्थिती: क्षयाचे जंतू कोंदट हवेत बराच काळ तरंगत राहतात, तर खेळत्या हवेने ते विरळ होतात आणि उन्हाने मरतात. मुंबईतील लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की काही ठिकाणी मधले अंतर जेमतेम 3 मीटर भरते. परिणामी खालच्या मजल्यांवर ऊन क्वचितच पोहोचते, आणि तेथील अभ्यासात क्षयाचा संबंध अशाच अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या घरांशी आढळला.

गैरसमज: औषधे मोफत मिळत असताना उपचार अर्धवट सोडणारा रुग्ण निष्काळजीच असतो.

वस्तुस्थिती: नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारणतः 6 महिने चालतो, परंतु काही आठवड्यांतच बरे वाटू लागते आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याला दवाखान्यासाठी केलेला प्रत्येक खाडा मजुरी बुडवून भरावा लागतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेतील मासिक 500 रुपयांचे साहाय्य 2024 मध्ये 1000 रुपये झाले, तरी ते आहारासाठी आहे. बुडालेल्या रोजंदारीची भरपाई त्यातून होत नाही.

गैरसमज: हा गरिबांचा रोग असल्याने सुखवस्तू वर्ग सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: उपचार खंडित झाल्यास औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो आणि तो लोकलच्या डब्यातून, कार्यालयातून कोणाच्याही श्वासात जाऊ शकतो, म्हणून शिधा, हवेशीर घरे आणि आजारपणातील वेतन यांवरील खर्च हा संपूर्ण शहराच्या रोगप्रतिबंधाचाच खर्च ठरतो.